पवनचक्कीचा खटका

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी जिंतूरच्या माळावर एक पवनचक्की उभी होती. तिची वीज थेट लाईनीत जायची आणि मी तिचा राखणदार. मी मूळचा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारा मिस्त्री, पण गावात ऐट अशी, की वारा जणू मीच सोडतो.

चक्कीचं दुखणं एकच होतं. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, कारण जो तो स्टार्टरच्या बटणात तुराटीचा, तुरीच्या वाळक्या काडीचा, तुकडा खुपसून घरी निघून जायचा. लाईटची वाट बघत विहिरीवर कोण बसणार? मग व्होल्टेज पडायचं, मशीन जळू नये म्हणून पॅनलमध्ये बसवलेला खटका सुटायचा आणि चक्की बंद.

ती बसवणारे इंजिनिअर साहेब माझ्याहून लहान. मला मामा म्हणायचे, माझ्या डब्यातली भाकर हक्कानं खायचे. एक दिवस म्हणाले, "मामा, उद्या वरचे साहेब बघायला येणार. चक्की नीट चालली तर आणखी मिळतील. नाहीतर ही पण काढून नेतील."

"चालंल की साहेब. तुमी नका घोर करू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दोनदा बंद पडली. साहेब पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेलेले. मी पॅनल उघडलं आणि खटक्यात तुराटी खुपसली. आमच्या हाताला दुसरं काय सुचणार?

पाहुणे आले. चक्की झकास फिरत होती. तेवढ्यात कुठंतरी तार तुटली आणि तीनातला एक फेज गेला. खटका सुटायला हवा होता तो नेमका तेव्हाच, पण मी त्याला सुटू देईन तर ना! वरून जळक्या वार्निशचा वास आला. जन्मभर तोच वास हुंगलेला, त्यामुळं सगळ्यांच्या आधी मला कळलं. धावत जाऊन मेन स्विच पाडला, तुराटी काढली आणि गुपचूप खिशात घातली.

वाइंडिंग कोळसा झालं होतं. मशीनच कच्ची, असं ठरलं. साहेब खाली मान घालून ऐकत होते. मी शेजारी उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर त्यांची मान वर झाली असती. नाही बोललो. भ्यालो, दुसरं काय!

चक्की उतरवली, साहेबांची बदली झाली. जायच्या आधी ते मुद्दाम माझ्या घरी आले. म्हणाले, "मामा, माझ्या मशीनपायी तुमचं काम गेलं. मला माफ करा."

आणि मी त्यांना माफ केलं.