आप्पांचा झाडू

आम्ही क्योतोतले तीन-चार मराठी संशोधक दर रविवारी शहरातली एखादी जुनी गल्ली पालथी घालतो. पाहिलेली देवळं आठवड्याभरात विसरतो, बसलेले धक्के मात्र साठत जातात. यंदाचे बहुतेक आप्पांच्या कृपेने बसले.

आप्पा म्हणजे आमच्यातल्या शुभदाचे वडील, कराडचे निवृत्त इतिहासशिक्षक. शुभदाची आई गेल्यापासून एकटे. व्हिसा तीन महिन्यांचा, पण परतीचं तिकीट पंधराव्या दिवसाचं. "मुक्यासारखा किती दिवस बसू?" शुभदाचा जीव तुटायचा.

*

पहिल्याच रविवारी एका भिंतीच्या पायथ्याशी वीतभर उंचीची लाल कमान दिसली, देवळापुढे असते तशी. आप्पांनी चपला काढून हात जोडले. तेवढ्यात तिथल्या दुकानदाराने सांगितलं, लोकांनी इथे लघवी करू नये म्हणून लावलीय ती.

आम्ही गारच पडलो. दोन वर्षं आम्हीही नमस्कार करत होतो!

आप्पा शांतपणे चपला घालत म्हणाले, "आपल्या कचेरीच्या जिन्यात देवांच्या फरश्या असतात, त्यातलंच."

*

लोणच्याच्या दुकानात मालकाने वाकून सांगितलं, आमचं दुकान तसं नवंच, सातवी पिढी. मी भाषांतर केलं.

आप्पांच्या हातातलं लोणचं हातातच राहिलं. "जन्मभर इतिहास शिकवला, पण पणजोबांच्या पलीकडचं एक नाव मला सांगता येणार नाही."

*

एका सकाळी शुभदाच्या दारात तिचीच कचऱ्याची पिशवी उभी. सोबत सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: बाटल्या वेगळ्या कराव्यात ही विनंती. अक्षर शेजारच्या आजींचं.

"हरवलेली छत्री परत येते हे ऐकलं होतं," आप्पा म्हणाले. "कचराही परत येतो?"

*

दहाव्या दिवशी वेळ जाईना म्हणून आप्पांनी पहाटे उठून अख्खी गल्ली झाडली. शुभदाला घाम फुटला. इथली रीत अशी की, आपलं अंगण झाडायचं आणि शेजाऱ्याचं फक्त हातभर. जास्त झाडलं तर त्याचा आळस चव्हाट्यावर मांडल्यासारखं होतं.

मिठाईचा डबा घेऊन ती माफी मागून आली. आजी हसल्या, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. आप्पा ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून ते आपलं अंगण आणि हातभरच झाडू लागले. पलीकडे आजी झाडायच्या. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, बस.

पंधराव्या दिवशी सामान उचलायला मी सकाळीच पोचलो. आप्पा झाडू घेऊन उंबऱ्यात थबकले होते. शुभदाचं अख्खं अंगण कुणीतरी दारापर्यंत लख्ख झाडून ठेवलं होतं. पलीकडे आजी पाठमोऱ्या उभ्या राहून कुंडीला पाणी घालत होत्या.

शुभदाने माझ्याकडे पाहिलं.

आप्पांनी झाडू भिंतीला टेकवला. म्हणाले, "शुभे, तिकीट पुढे ढकलता येतं का गं?"