भोकं वाचणारा माणूस

गायखेकाका गेल्याचा फोन काकूंनीच केला. सकाळचे साडेसहा झाले होते, मी शाळेत निघायच्या गडबडीत. "ताई, हे गेले. पहाटं," एवढंच म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुम्हाला ठाऊकच असंल." मी डब्याची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच उभी राहिले. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं, आणि तरी चार महिन्यांपासून मला ठाऊक होतं…

काका मूळचे निफाडकडचे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. सुट्या भागांवरची केसाएवढी चीर शोधायची, हे काम. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून ते नेमबाजीच्या रेंजवर यायला लागले आणि बघता बघता तिथल्या सगळ्यांचे काका झाले. मी लेकीला तिथे सोडायची आणि बाकावर बसून वह्या तपासायची. एक दिवस त्यांनी एअर रायफल माझ्याच हातात दिली. "तपासायची सवय हाय ना मॅडम, मग हे जमंल तुम्हाला."

जमलं नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्याच्या कार्डावर माझे छर्रे वाटेल तिकडे जायचे आणि दर दोन नेमांनंतर मी नेम धरायच्या साइटचा स्क्रू फिरवत बसायची. काकांनी माझा हात बाजूला केला. "रायफलला काय नाय झालेलं. आधी माणूस तपासा." मग डोळे मिटून रायफल उचलायची, उघडून बघायचं की ती आपोआप कुठे रोखली गेलीय. बाजूला असेल तर हातांनी ढकलायची नाही, पावलं सरकवायची. महिनाभर एवढंच. हळूहळू माझी भोकं एकमेकांजवळ यायला लागली. मग ती वाचायला त्यांनी शिकवलं. आडवी पसरली तर अंगाचा तोल गेलेला. उभी, एकाखाली एक गेली तर श्वास ठरत नाही.

पण काका त्यापलीकडचंही वाचायचे. एका रविवारी माझं कार्ड त्यांनी उजेडात धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही. "उजवा डोळा दाखवून या. उद्याच जा," म्हणाले. मला काहीच त्रास नव्हता. पण त्यांच्या आवाजाने मी गेले. डोळ्याच्या पडद्याला बारीक चीर पडली होती. लेझर केलं म्हणून डोळा वाचला. डॉक्टरांनी विचारलं, "कसं कळलं तुम्हाला?" मी म्हणाले, डोळ्यापुढे अंधारी यायची. खरं सांगायची मला लाज वाटली… की भीती, कोण जाणे.

रेंजवर ही गोष्ट पसरली. आधी पोरं त्यांना हसून ज्योतिषी म्हणायची. मग हसणं थांबलं. काका लेनच्या मागे येऊन उभे राहिले की चांगली मोठी माणसंही आपलं कार्ड घडी करून खिशात घालायची. काकांना ते दिसायचं. तेव्हापासून ते दर रविवारी स्वतःचं कार्ड तेवढं मला द्यायला लागले. "वाचा."

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या कार्डावरची भोकांची रांग लांबायला लागली. उभी. आधी दोन-तीन, मग सगळी दहा, वरून खाली, सुईने टाके घातल्यासारखी. त्यांना दम लागत नव्हता, खोकला नव्हता. शेवटच्या रविवारी ती रेघ कार्डाच्या खालच्या कडेपर्यंत आली होती.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"छान आहे, काका. थोडं वर-खाली झालंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. "शिकलात तुम्ही," म्हणाले आणि कार्ड परत घेतलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी काकांच्या घरी गेले ते हे सांगायला. मी खोटं बोलले, तेव्हाच खरं बोलले असते तर… काकूंनी मला पुढे बोलू दिलं नाही. "फुप्फुसाचं होतं. त्यांना तुमच्या आधीपासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मॅडमला कळलंय पण बोलत नाय, म्हणायचे. तेवढा एक तास बरा जातो, म्हणायचे." त्याने मन हलकं व्हायला हवं होतं. पुरतं झालं नाही.

चहा घेऊन त्या मला मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी घेऊन गेल्या. काका रोज सकाळी तिथे कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून छर्रा न घालता सराव करायचे. साठ वेळा श्वास रोखून नेम, साठ वेळा ट्रिगर. आता खोली रिकामी होती. रायफल मुलाने पुण्याला नेली होती. जमिनीवर खडूने आखलेली दोन पावलं मात्र होती. काकू त्यांच्या कडेकडेने झाडतात, हे धुळीवरून कळत होतं. आम्ही उंबऱ्यात बसलो. काकू मुलाच्या बदलीचं काहीतरी सांगत होत्या आणि सांगता सांगता मध्येच थांबल्या. कप ओठांपाशी, नजर भिंतीवर. त्यांचा श्वास थांबला होता. स्वयंपाकघरात इतकी वर्षं तो ट्रिगरचा खटका ऐकून लागलेली सवय असेल, असं मी मनाला सांगितलं. पण माझाही श्वास थांबला होता, आणि मी तो थांबवला नव्हता. सात-आठ सेकंद गेले. मग दोघींचाही एकदमच सुटला.

"एक झाला," काकू अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "अजून एकोणसाठ."

मी कप खाली ठेवला.