चंद्रावतीच्या गाडीतला वारा

चंद्रावतीला हट्टी म्हणणारे शिरोड्यात पुष्कळ होते. मी तिच्या शेजारची. मला विचाराल तर ती हट्टी नव्हतीच, तिला फक्त कोंडून घेणं जमत नव्हतं.

तिचा नवरा महादू मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठने दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात एक लष्करी रुग्णगाडी घेतली आणि तिचं फिरतं घर करून घेतलं. आत झोपायची बाकडी, स्टोव्ह, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि टपावर वरच्या बाजूला उघडणारं झाकण. दर हिवाळ्यात शेठ बायकामुलांना घेऊन त्या गाडीतून आमच्या किनाऱ्यावर मुक्कामाला यायचा. सत्तावन्न साली इंजिनाने मान टाकली. शेठ कंटाळून म्हणाला, "महादू, तूच ठेव." महादूने बैल जुंपून गाडी आपल्या वाट्याच्या माडांत आणून उभी केली. पुढच्याच वर्षी तो तापाने गेला.

दिवसकार्य झाल्यावर थोरला दीर काशीराम याने फर्मान काढलं. चंद्रावतीने त्याच्या घरी, चुलीमागच्या खोलीत राहावं आणि सगळ्यांचं रांधावं. त्या खोलीला खिडकी नव्हती. धूर तिथेच शिरायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. काशीरामची बायको यमुनाबाई त्या धुरात वर्षानुवर्षं खोकत होती, आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं.

चंद्रावतीने मासळीची पाटी उचलली, वळकटी काखेत मारली आणि गाडीत राहायला गेली.

"मिरगाचो पावस लागांदे, आपल्या पायांनी परत येतली!" काशीराम अंगणातून ओरडला.

"मी परत येवचंय नाय," ती मागे न बघता म्हणाली.

त्यावरच सगळं होतं. पावसाळा गाडीत निभावला तर ती स्वतःची मालकीण, नाहीतर जन्मभर काशीरामची चूल.

आणि इथेच तिने आमच्याकडचं माणूसच करील अशी चूक केली. पाऊस तोंडावर आला की आम्ही घराच्या समुद्राकडच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतो. तिने गाडीला चारी बाजूंनी बांधले. टपावरचं झाकण डांबराने बुजवलं, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. आषाढात टपातून पाणी ठिबकू लागलं. उशीला बुरशी, लुगड्यांना कुबट वास, छातीत घरघर. काशीराम जाता-येता विचारायचा, "छप्पर गळता मां?" आणि असा हसायचा की वाटायचं, पाटीतलं सगळं मासळीचं पाणी याच्या डोक्यावर ओतावं.

तिने पुन्हा डांबर फासलं. ठिबकणं चालूच. मग श्रावणात पावसाने उघडीप दिली, कडक ऊन पडलं. तरी सकाळी बघते तर टप आतून ओलाच. आभाळ कोरडं, मग हे पाणी आलं कुठून? समोर स्टोव्हवर पेज रटरटत होती. तिची वाफ टपाला लागत होती आणि थेंब होऊन खाली येत होती. रात्रभरचा तिचा श्वासही तसाच वर अडकून पडला होता.

ती माझ्याकडे आली ती तावातावानेच. "अगो, पावसात होडी शाकारतंव तेवा दोनय तोंडां उघडी ठेवतंव मां? नायतर लाकूड कुजता. आणि मी माकाच गुंडाळून ठेयलंय!"

त्याच दिवशी तिने चिंध्या उपटल्या, कोयत्याने डांबर खरवडलं. झाकणाखाली खापरी सरकवून ते बोटभर उघडं ठेवलं आणि वर झापाची टोपी चढवली. वाऱ्याकडची खिडकी बंद, आडोशाची सताड उघडी, तिच्यावर झापाचं पाखं पुढे काढलेलं. टप आतून सुकला. घरघर थांबली.

पण आडोशाची खिडकी नेमकी काशीरामच्या ओसरीसमोर. ती बाजारात गेल्याचं बघून त्याने फळी मारून ती बंद केली. खिळे यमुनाबाईला धरायला लावले. चंद्रावती परतली तेव्हा अर्धी वाडी जमली होती.

"बाईलमाणूस एकटा, आणि खिडकी उघडी," काशीराम म्हणाला. "लोक काय म्हणतले?"

चंद्रावतीने पाटी उतरवली, पहार आणली आणि सगळ्यांदेखत फळी उचकटली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खिळे वेचून तिने त्याच्या पायांशी ठेवले. "भावजीनू, अब्रू तुमची, ती तुमी सांभाळा. वारो माझो आसा. परत फळी मारलास तर परत काढतलंय."

त्याने परत मारली. तिने परत काढली. तिसऱ्या वेळी यमुनाबाईने खिळा धरायला हात पुढे केलाच नाही. एकट्याने ठोकताना काशीरामने स्वतःचा अंगठा ठेचून घेतला आणि नाद सोडला.

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, चंद्रावती गाडीतच. दसऱ्याला तिने कोयता, पाटी आणि पहार पूजेला मांडली. फुलं ताजी होती तोच यमुनाबाई गाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"पारय दी गो."

"कित्याक, बाय?"

"चुलीकडची भिंत फोडतंय." एवढं बोलतानाही तिला खोकला आला.

चंद्रावतीने झेंडूच्या फुलासकट पहार तिच्या हातात दिली. पहिला घाव ऐकून ओसरीवरचा काशीराम ताडकन उठला. समोर गाडीच्या खिडकीत चंद्रावती उभी होती, त्याच्याकडेच बघत. तो उभाच राहिला, मग खाली बसला. आत घाव पडत राहिले. दुपारी त्या घरातला धूर भिंतीतून बाहेर येताना सगळ्या वाडीने पाहिला.