एक नर राहिला

दौलताबादच्या किल्ल्याखालच्या वाडीत मुंजाबा धनगराच्या नाकाला मोठा मान होता. गांजाचा तुरा दोन बोटांत चुरून तो एकदाच हुंगायचा. माल काढायचा की आठ दिवस थांबायचं, हे तिथल्या तिथं सांगून मोकळा. त्याचा शब्द कधी खाली पडला नाही. पण निम्मी करामत कडुबाची होती, आणि हे मुंजाबा कुणाला सांगत नसे.

कडुबा बौद्धवाड्यातला. दसऱ्याच्या सुमारास पिकातून चालता चालताच तो नराची झाडं हेरायचा आणि फुलायच्या आत उपटून टाकायचा. एक जरी नर राहिला, तर सगळ्या माद्या बी धरतात. मग तो माल चिलमीत तडतडतो, त्याला कुत्रंही विचारत नाही. याचं नाक अन् त्याची नजर, वीस वर्षं जोडी जमली होती.

मग नामांतराची दंगल झाली. वाडीतल्याच लोकांनी बौद्धवाडा पेटवला. कडुबा बायको-पोरीला घेऊन गेला तो चिकलठाण्यालाच. तिथं एका कारखान्यात खराब नग वेचायचं काम त्याला मिळालं. कुणाच्याही पिकापेक्षा ते बरं.

मुंजाबा मात्र तुरीच्या आड चोरून चार ओळी लावतच राहिला. डोळे फाडफाडून नर उपटायचा, तरी माल दरसाल बियांनी भरायचा. गिऱ्हाईक तोंडावर हसायला लागलं. औंदा तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा त्यानं चार तुरे फडक्यात बांधले आणि एसटी धरली. कडुबाला परत आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. नाहीतर नुसतं नाक घेऊन मरायचं.

कडुबा पाळी संपवून कारखान्याच्या फाटकातून बाहेर येत होता. त्यानं तुरा हातात घेतला, नखानं उकलला.

"नर राहिला."

"कुठला राहिला? म्या तर समदे उपटले."

"बांधावरला असंल. तिथं तू कधी बघतच नव्हतास, म्या बघायचो."

"मग चल की माघारी. घर बांधून देतो."

कडुबानं तुरा परत फडक्यात ठेवला, गाठ मारून दिली. राग असता तर मुंजाबाला बरं वाटलं असतं.

"मुंजाबा, आग लागली तवा पोरगी कडंवर घिऊन म्या तुह्याच दाराकडं पळालो. आत तू व्हतास. कडी लावलीस ती फटीतून दिसली मला."

मुंजाबा फडकं घेऊन एसटीकडं वळला.

घरी आल्यावर त्यानं चारी ओळी मुळासकट उपटल्या, बांधावरचा वाळलेला नरही. बायको बानाबाई दारात उभी होती.

"काय म्हनला कडुबा? येतो का?"

"त्याला दिसलं व्हतं," मुंजाबा म्हणाला, आणि दाराबाहेरच बसून राहिला.