काळी चार

माझे बाबा काळी चारमध्ये गायचे. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा सा धरून. पुरुषाच्या गळ्याला ही पट्टी फार उंच. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत बाबांची ओळख करून देताना लोक त्यांची नोकरी सांगत नसत, पट्टी सांगत. शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला बसले की पेटीवाले काका विचारायचे, "काय बे, कोणती?" आणि बाबा म्हणायचे, "तेच." हा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. दोघांनाही तो ऐकवायला आवडायचा.

मागच्या वर्षी बाबांच्या गळ्यातली गाठ काढली. बोलणं परत येईल, पण वरच्या सुरांचं सांगता येत नाही, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. बोलणं आलं. महिन्याभरात आईवर ओरडण्याइतकं आलं. मग एका शनिवारी ते देवळात गेले, "तेच" म्हणाले, आणि पहिल्याच अभंगात वरच्या सा वर आवाज फाटला. पेटीवाले काका हळूच म्हणाले, "उतरवू का थोडी?" बाबांनी टाळ खाली ठेवले, चपला घातल्या आणि घरी आले. त्यानंतर देऊळ बंद. शनिवारी संध्याकाळी टीव्हीचा आवाज मोठा करून बातम्या बघायच्या, म्हणजे देवळातलं ऐकू येत नाही.

पट्टी उतरवून गायला काय हरकत आहे, असं मी एकदा विचारलं. "पेटीवर बोट कुठं पडते ते बाजूच्याले दिसते," ते म्हणाले. विषय संपला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे आई म्हणाली, पण स्वयंपाकघरात.

मी नोकरीला अमरावतीला असते आणि शनिवार-रविवार अकोल्याला येते. चाळिशी उलटल्यावर मी गिटार घेतली. ती शिकवणारे मोबाइलवरच भेटतात, त्यामुळे माझी बोटं आखूड आहेत हे त्यांना दिसत नाही. एफ नावाचा एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गुच्छ, असतो. त्यात एकाच बोटानं सहाही तारा दाबायच्या आणि वर बाकीची बोटंही कामाला लावायची. तो मला वर्षभरात आला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायानं मी आधी गिटार बदलली, मग तारा बदलल्या, आणि शेवटी तारा लावायची पद्धतच बदलायचं ठरवलं. एका व्हिडिओत पाहिलं की काही तारा थोड्या उतरवल्या, तर डाव्या हातानं काहीही न दाबता नुसत्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजतो. याला ओपन ट्यूनिंग म्हणतात. आळशी माणसाला याहून काय हवं!

त्या शनिवारी दुपारी अकोला नेहमीसारखं तापलेलं होतं. कूलरच्या घरघरीत तार लागेना, म्हणून मी तो बंद केला. आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "कूलर काऊन बंद केला वं?"

"दोन मिनिटं, बाबा."

मी मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये बघत एकेक खुंटी सैल केली. जाड तार उतरवली, मधली थोडी, खालच्या दोन उतरवल्या, आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. खोलीभर आवाज पसरला. मी पुन्हा तारा छेडल्या. तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तारा ढिल्या काऊन केल्या?"

"अशाच लावतात. बघा ना."

त्यांनी एकेक तार वाजवायला लावली. "सा. प. सा. हा गंधार... चढा हाये." मी ट्यूनर दाखवला. तिथं हिरवा दिवा होता. "त्याले काय समजते? उतरव. जरासाच." मी खुंटी केसभर फिरवली. मोबाइलवर लाल दिवा लागला आणि गिटार खरोखरच गोड वाजायला लागली. ते पलंगाच्या कडेवर बसले. "वाजवत राय," म्हणाले.

मी तेच तेच वाजवत राहिले, दुसरं काही येतही नव्हतं. ते आधी गुणगुणले. मग त्यांनी अभंगाची ओळ घेतली, आणि वरचा सा आला तेव्हा मी खाली मान घातली, कारण आता फाटेल असं वाटलं. तो फाटला नाही. पूर्वीसारखा कडक नव्हता, किंचित खरखरीत होता, पण होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मला रडू आलं, आणि रडताना हात थांबू नये एवढीच काळजी मी घेतली.

अभंग संपला. बाबांनी विचारलं, "कोणती पट्टी झाली?"

मला माहीत होतं. ती पांढरी दोन होती, त्यांच्या काळी चारच्या कितीतरी खाली. मी म्हणाले, "गिटारला पट्ट्या नसतात, बाबा."

त्यांनी गिटारच्या दांड्याकडे नीट निरखून पाहिलं. "नसतात काय?" एवढंच म्हणाले, आणि दुसरा अभंग सुरू केला. कूलर लावायची आठवण कोणालाच झाली नाही.

पुढच्या शनिवारी मी अमरावतीहून येऊन चहा घेत होते, तर बाबा धुतलेला सदरा घालून उभे. "तुयं ते घे अन् चाल." आई म्हणाली, "माय वं, देवळात गिटार?" त्यावर ते म्हणाले की मारुतीची हरकत नाही, तुयी असली तर सांग.

देवळात सगळे सरकून बसले. कोणी काही विचारलं नाही, आणि हे आमच्या गल्लीला किती जड गेलं असेल ते मी जाणते. मी तारा छेडल्या. पेटीवाले काकांनी सवयीनं पेटी ओढली आणि अगदी हळू एक पट्टी दाबून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. त्यांचं बोट पांढऱ्या दोनवर थांबलं. मी समोरच होते, मला ते दिसलं. बाबा भिंतीकडे बघत होते.

काकांनी पेटीचा भाता बंद केला आणि टाळ उचलले. "काळी चार हाये," ते मोठ्यानं म्हणाले. "पेटी कायले पाहिजे? होऊ दे."

बाबा गायले. लोक नेहमीसारखे गायले, म्हणजे एकमेकांवर ओरडत. काकांचे टाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत जरा जास्तच जोरात होते.

घरी येताना गल्लीच्या वळणावर बाबा म्हणाले, "पांढरी दोन होती ना?"

मी गिटार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "हो."

"मले काय आयकू येत नाही? चाळीस वर्षं त्याच्या बाजूले बसलो. लबाड हाये तो." ते थोडे हसले. मग फाटक उघडत म्हणाले, "पुढच्या शनवारी आणखी एक उतरव. काळी एक ठेव. अन् त्याले सांग, पेटी आण म्हणा."