सगुणाबाईंना विरघळायचं नव्हतं

परभणीला पूर्णेच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत माझं अकरा पानी प्रवचन होतं: माणूस देवाशी एकरूप होतो, आणि तरीही माणूसच राहतो. वाचता वाचता विषय असा रंगला की मी पिंगळीलाच उतरलो. चहावाल्याने शांतपणे सांगितलं, "पूर्णा म्होरं हाय. तुमी लवकर उतरलाव." पुढचा रस्ता जीपमध्ये, चौघांच्या बाकावर सातवा होऊन काढला.

पूर्णेला दावीद न्यायला आला. हा माझा जुना विद्यार्थी, आता इथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक (धर्मगुरू). त्यानेच मला बोलावलं होतं. रेल्वेतल्या गँगमनच्या विधवा सगुणाबाई तीन महिने प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस) घेत नव्हत्या. मीठ पाण्यात विरघळतं तसे आपण देवात विरघळतो, असं दावीदने सांगितल्यापासून त्या रुसल्या होत्या.

"असलं उदाहरण कुठून काढलंस?" मी खवळलो.

"सर, तुमच्याच तासाच्या वहीतून."

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दुपारी सगुणाबाईंकडे गेलो. ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची आमटी) वाढलेली होती. मी प्रवचन काढताच त्या म्हणाल्या, "आदी जेवा, गुरुजी. कागद काय पळून जायलाय का?" पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले, तिखटाने.

मग त्या समोर बसल्या. "मिठावानी इरघळायचं असंल तर मला न्हाई जायचं तिकडं. मीच न्हाई ऱ्हायले तर ह्यांना भेटंल कोण? माझी दुभती शेळी ह्यांनी मला न इचारता मंडळीच्या जेवनाला दिली. जाब इचारायच्या आदीच गेले. लय जीव जळायलाय माझा."

शेळी निमित्त होती. नवरा पुन्हा दिसणार नाही, ही त्यांची धास्ती होती. मला स्वतःची लाज वाटली.

"उदाहरण माझं होतं आणि ते चुकलं, बाई," मी म्हणालो. "देव आपल्याला पुसून टाकत नाही. तुम्ही सगुणाबाईच राहाल, आणि ते तेच."

"मंग भांडता यील?"

"तिथं भांडण मिटतं म्हणतात. पण मिटवायला दोघं तर लागतील."

त्यांनी आमटीचं पातेलं पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "आमटी घ्या अजून." नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

रविवारी मी अकरा पानं बाजूला ठेवून सगळ्यांसमोर चूक कबूल केली. प्रभुभोजनाला सगुणाबाई सर्वांत आधी उठल्या. त्यांनी डोळे मिटून भाकर तोंडात घातली. गालांवरून पाणी ओघळलं. मग डोळे उघडून, अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात दावीदला म्हणाल्या, "वातड हाय. फुडच्या येळी मी करून आनते."

परतीच्या गाडीत मी नुसता खिडकीबाहेर बघत बसलो. तीस वर्षं हा विषय शिकवला, पण खरं सांगतो, स्वर्गाची ओढ मला फारशी कधी वाटली नव्हती. आता वाटते. देवाच्या घरीही सगुणाबाई भाकरीला नावं ठेवतील, आणि देव ऐकून घेईल.