गार्डच्या जहाजाची वाट कोण बघतं?

गार्डवाल्यांनी गेमच्या फोरमवर आमच्या नावाने शिमगा चालवला होता. केदारचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत घरी बसून एका लोखंडी दरवाज्याला करकर लावत होतो.

"निलेश, खरं सांग. ड्रिफ्टरच्या जहाजांचा स्पीड कुणी वाढवलाय?"

"मी आवाजाचा माणूस. स्पीडला मी हातही लावत नाही."

"सगळे हेच म्हणतायत. मग धरू कोणाला?"

केदार आमचा बॉस. पुण्यातली आमची छोटी कंपनी अंतराळातला एक ऑनलाइन गेम चालवते आणि त्यातले आवाज मी घरबसल्या करतो. खेळणाऱ्यांचे दोन गट असतात, त्यांना आम्ही फॅक्शन म्हणतो. गार्ड म्हणजे शिस्तीचं सैन्य, जहाजं चकचकीत. ड्रिफ्टर म्हणजे माल वाहणारी भटकी माणसं, जहाजं ठिगळं लावलेली. दिसायला वेगळी, पण ताकद आणि वेग अगदी सारखा. तो सारखा ठेवणं याला बॅलन्स म्हणतात, आणि तो बिघडला असं नुसतं वाटलं तरी लोक चवताळतात.

गार्डवाल्यांचं म्हणणं, ड्रिफ्टर हे डेव्हलपरचे, म्हणजे गेम बनवणाऱ्या आमचे, लाडके. केदारने वेगाचे सगळे आकडे जाहीर केले. लोक म्हणाले, आकडे पण तुमचेच! गंमत अशी की ड्रिफ्टर खरोखरच जास्त जिंकत होते. वैतागून गार्डवाले गेम सोडायला लागले होते. एक बाजू रिकामी झाली की दुसरीला लढायला कोणी उरत नाही, आणि आमच्या पोटावर पाय येतो.

मग एका गार्डवाल्याने फोरमवर लिहिलं, "आवाज बंद करून खेळून बघा."

केदारने ऑफिसात सगळ्यांना तसं खेळायला बसवलं. आवाज बंद, तर दोन्ही बाजू बरोबरीत. आवाज सुरू केला की जो तो म्हणे, ड्रिफ्टर पळतंय. जहाजात दम आहे असं वाटलं की माणूस बिनधास्त चालवतो, आणि बिनधास्त चालवणारा जिंकतो. म्हणजे चोर माझ्याच घरात होता.

गार्डचं इंजिन मी कॉम्प्युटरवर बनवलं होतं. स्वच्छ, गुळगुळीत. ड्रिफ्टरचं इंजिन म्हणजे माझ्या बाबांची बोट.

आम्ही मूळ हर्णैचे. साउंडचा कोर्स करत असताना नवा रेकॉर्डर घेऊन मी एकदा बाबांबरोबर बोटीवर गेलो होतो. जाताना, येताना, बंदरात शिरताना, सगळं इंजिन टिपलं. बाबांनी ते बंद केलं त्याच क्षणी मीही रेकॉर्डर बंद केला. माणसांची गडबड त्यात यायला नको होती. पुढे बाबा गेले. बोट विकली, घेणाऱ्याने इंजिन बदललं, आणि आई माझ्याकडे रत्नागिरीत फ्लॅटवर राहायला आली.

हर्णैत प्रत्येक बाईला आपल्या घरची बोट आवाजावरून कळते. बोट दिसायच्या आधी कळते. आई हातातलं काम टाकून, मासळीची पाटी उचलून किनाऱ्याकडे चालू लागायची. फ्लॅटवर तिला रिक्षांशिवाय काही ऐकू येत नाही. ती तक्रार करत नाही. पण कधीकधी भाजी निवडता निवडता मान वर करून ऐकत राहते, आणि मला ते बघवत नाही.

म्हणून दर रविवारी ती माझ्यामागे खुर्ची घेऊन बसते आणि म्हणते, "आन बोट." मी ड्रिफ्टरचं जहाज लांब नेतो आणि तळाकडे, म्हणजे जहाजांच्या बंदराकडे, परत आणतो. तिला मूळ रेकॉर्डिंग ऐकवून पाहिलं होतं. ते तिला पटलं नाही. रेकॉर्डिंग नुसतं वाजतं. गेममध्ये त्याचे तुकडे वेगाला आणि अंतराला जोडलेले असतात, त्यामुळे जहाज लांबून येतं, जवळ येतं, तळाशी वेग उतरवतं आणि थांबतं. थांबल्यावरही आई थोडा वेळ बसून राहते. मग उठते आणि चहा टाकते.

केदारला हे सगळं सांगितलं.

"निलेश, वाईट वाटतं रे. पण शुक्रवारच्या पॅचमध्ये दोघांनाही एकच साधा आवाज टाक."

पॅच म्हणजे गेममधली दुरुस्ती. ती गेली की गेममधली बाबांची बोट पुसली जाणार होती, आणि ऑनलाइन गेमची जुनी प्रत घरी ठेवून चालत नाही. 

त्या रविवारी आईला काही सांगायचा धीर झाला नाही. बोट आणली. मग काय मनात आलं कोण जाणे, गार्डचं जहाजही तळाला लावून दाखवलं.

"ही कोनाची?" आईने विचारलं.

"दुसऱ्या पार्टीची."

"हिची कोन वाट बगत नाय काय रे?"

मी तसाच उठलो आणि वैदेहीला फोन लावला. गार्डची जहाजं काढणारी आमची आर्टिस्ट. ती पोफळी गावच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढली, वडील पॉवरहाउसमध्ये होते. ते रिटायर झाले, क्वार्टर सुटली, आणि आता ती पुण्यात असते.

"वैदेही, तुझ्या लहानपणी घर आलं हे कशावरून कळायचं?"

"ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यावरून," ती लगेच म्हणाली. "शाळेतून येताना एका वळणावर ते सुरू व्हायचं. का रे?"

गार्डच्या इंजिनाला तेच घुमणं द्यायचं ठरलं. पुढचे दोन दिवस ती फोनवर आणि मी कॉम्प्युटरवर. मी सूर लावायचा, तिने ऐकायचं.

"अजून खाली घे. अजून. नाही रे, एवढं गोड नव्हतं ते. थोडी थरथर दे... हां."

मी तो सूर तसाच चालू ठेवला.

"आमच्या स्वयंपाकघरातले डबे असेच थरथरायचे," ती म्हणाली. आवाज ओला झाला होता. मी विषय बदलला नाही. मलाही कोणाशी तरी असं घराबद्दल बोलायचं होतंच.

केदारने दोन्ही जहाजं ऐकली. गार्डचं त्याने पुन्हा पुन्हा ऐकलं.

"हे ठेव. पण ड्रिफ्टरचा लढाईतला दम थोडा काढ."

"आणि तळाला येतानाचा?"

"तो राहू दे. तिथे कोण लढतंय?"

पॅच गेला. ऑफिसात पुन्हा खेळून पाहिलं, बरोबरी. गार्डवाले परत यायला लागले. आणि आठवडा उलटायच्या आत ड्रिफ्टरवाल्यांनी शिमगा सुरू केला, की डेव्हलपर गार्डला सामील आहेत. केदार म्हणाला, दोन्हीकडून शिव्या आल्या म्हणजे बॅलन्स बरोबर आहे.

रविवारी आई येऊन बसली. मी बोट आणली. वेग उतरला, इंजिन धपधपलं आणि थांबलं. आई नेहमीसारखी बसून राहिली. या वेळी मी विचारलं, "आता कसली वाट बघतेस गो?"

"तुजा बाबा हाक मारायचा ना रे मंग."

खरंच. घरात बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही, नुसतं "अगो" म्हणायचे. पण बोट नांगरली, इंजिन बंद झालं की पाण्यावरून मोठ्याने तिचं नाव घेऊन ओरडायचे. सगळ्या किनाऱ्याला ऐकू जायचं.

हल्ली नवी मुलं काम शिकायला येतात. त्यांना मी एकच सांगतो. आवाज संपला असं वाटलं, तरी रेकॉर्डर लगेच बंद करू नका.